फ्रीजवरचे देव

पुण्यातल्या घरमालकांनी लावलेल्या पाट्यांची जगभर चेष्टा होते. आमच्या घरमालकांनी मात्र जिन्यात, दारावर, नळापाशी कुठेही एकसुद्धा पाटी लावलेली नव्हती. पाटी लावायची म्हणजे खिळा ठोकायला लागतो, आणि भिंतीला खिळा ठोकणं हा त्यांच्या लेखी माणसाला भोसकण्याच्या जेमतेम एक पायरी खालचा गुन्हा होता.

कसबा पेठेत त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी सहा वर्षं भाड्याने राहिले. ते आणि काकू खालीच, दुसऱ्या मजल्यावर. मी जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी मला लग्न, नोकरी, मासे-मटण यातलं काही विचारलं नाही. "आपण कॅलेंडर कुठे लावता?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, फोनमध्येच बघते. ते काकूंकडे वळून म्हणाले, "ह्यांना जागा द्यायला हरकत नाही."

त्यांच्या स्वतःच्या घरात सगळ्या वस्तू टेकून उभ्या असायच्या. कॅलेंडर खुर्चीच्या पाठीला टेकलेलं, घड्याळ टीव्हीला टेकलेलं, आरसा बेसिनच्या नळाला टेकलेला. त्यामुळे दाढी करताना काका कमरेत असे वाकायचे की पाहणाऱ्याला वाटावं, नळाला नमस्कार चाललाय. त्यांच्या वडिलांचा फोटो कपाटावर भिंतीला टेकून होता. पितृपंधरवड्यात त्याला हार घातला की वजनाने तो पुढे सरकायचा, म्हणून फोटोपुढे कुकरची जुनी शिट्टी अटकाव म्हणून ठेवलेली असे. पाहुण्यांना काकू सांगायच्या, "आमचे मामंजी शिट्टी झाल्याशिवाय खाली येत नाहीत."

काका चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी घडवलेला भाग त्यांच्या टेबलावर यायचा. ते माप घ्यायचे, आणि भाग चुकलेला असला तर जाड लाल पेन्सिलीने त्यावर गोल काढून खाली सही करायचे. पस्तीस वर्षं हेच केलं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने शाल आणि नारळ दिला. ती लाल पेन्सिल त्यांनी स्वतःहून घरी आणली. मग वर्तमानपत्रातल्या चुकांना गोल, लग्नपत्रिकेतल्या चुकांना गोल, दुधाच्या पिशवीवर तिरक्या छापलेल्या तारखेला गोल. दिवाळीत काकू लाडू वळायला बसल्या की काका कॅलिपर घेऊन शेजारी. कॅलिपर म्हणजे दोन जबड्यांचं ते मापायचं यंत्र, ज्यात केसाचीही जाडी कळते. काकूंनी एकदाच सांगितलं, की जे लाडू नापास होतील ते सगळे माझ्या ताटात टाका आणि पास झालेले तुम्ही कारखान्यात पाठवा. तेव्हापासून लाडवांची तपासणी बंद झाली.

त्यांची दोन वाक्यं मला पाठ आहेत. एक, "अंदाजे हा शब्द आळशी माणसांनी काढलाय." आणि दुसरं, "कोणी 'चालेल' म्हटलं की समजावं, ते चालणार नाही." भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी ती ऐकलेली होती. डॉक्टरांनी काकूंना गोळी जेवणानंतर 'साधारण' अर्ध्या तासाने घ्या म्हटल्यावर काकांनी विचारलं होतं, की जेवण संपलं कधी धरायचं, शेवटचा घास गिळल्यावर की हात धुतल्यावर?

डॉक्टरांचा विषय निघाला तो काकूंच्या गुडघ्यांमुळे. माझ्या चौथ्या वर्षी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन झकास झालं, पण घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की यापुढे जमिनीवर बसायचं नाही. आता काकूंचे देव होते स्वयंपाकघराच्या ईशान्य कोपऱ्यात, जमिनीलगत, एका चौरंगावर. त्यांच्यापुढे पाट मांडून काकू लग्न झाल्यापासून रोज सकाळी पाऊण तास पूजेला बसायच्या. पाट सागवानी होता, कडेला पितळी फुल्या ठोकलेला, आणि माहेरून आलेला. काका म्हणाले, त्यात काय, कोपऱ्यात भिंतीला एक त्रिकोणी फळी लावू, देव उंचावर येतील, उभ्याने पूजा करता येईल. दोन दिवसांचं काम. तोवर देव फ्रीजवर ठेवू.

देव फ्रीजवर गेले आणि अकरा महिने तिथेच राहिले.

पहिले तीन महिने सुतार शोधण्यात गेले. कसब्यात सुतार काही कमी नाहीत, पण काका दुकानाच्या पायरीवर दिसले की आतला माणूस मागच्या दाराने चहाला निघून जायचा. एक मात्र आला. मांजरी गावाकडचा, पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने कोपऱ्यात गुण्या धरला, म्हणजे काटकोन बघायची ती लोखंडी पट्टी, आणि भिंत थोडी बाहेर हाय, चालंल म्हणाला. तिथेच घात झाला. काकांनी त्याला 'थोडी' म्हणजे किती आणि 'चालंल' म्हणजे कसं, हे अर्धा तास विचारलं. शेवटी त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि दारातून वळून म्हणाला, "काका, लाकूड हाय ते. पावसाळ्यात फुगतंय, उन्हाळ्यात बसतंय. तुमच्या पेन्सिलीला भिऊन ऱ्हात न्हाई."

त्यानंतर फळी स्वतःच करायचं काकांनी ठरवलं. ठरवलं आणि मापं घ्यायला सुरुवात केली. सकाळचं माप, दुपारचं माप, भिंतीला ओल असतानाचं माप. एक अख्खी वही मापांनी भरली. मी वाटी परत द्यायला किंवा कुरिअर घ्यायला खाली गेले की ते कोपऱ्यात तोंड करून उभे असायचे, शिक्षा झाल्यासारखे. काकू म्हणायच्या, "शू. कोपऱ्याचं बाळंतपण चाललंय."

याच दिवसांत माझ्याकडून एक गुन्हा घडला. मी ऑनलाइन एक तयार कोपराफळी मागवली. खिळे नकोत, नुसती चिकटवायची. काकूंना देण्याआधी रविवारी सकाळी गुपचूप माझ्याच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लावून बघितली, तर एका बाजूने भिंतीला चिकटली आणि दुसऱ्या बाजूने बोट जाईल एवढी फट. तेवढ्यात नळ गळतोय का ते बघायला काका वर आले. मला वाटलं, आता घर सोडायला लागणार. काकांनी फळीकडे बघितलं, फटीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. ते धावत खाली जाऊन कोनमापक घेऊन आले.

"ब्याण्णव अंश," ते म्हणाले. "बघितलंत तुम्ही? कंपनीने नव्वदची करून पाठवली. त्यांना वाटलं, सगळ्यांचे कोपरे नव्वदचे असतात."

त्या दिवशी त्यांनी मला तासभर कोपरा ह्या विषयावर शिकवलं. कोणत्याच घराचा कोपरा काटकोनात नसतो. गवंडी हाताने गिलावा करतो, हात कुठे जड पडतो, कुठे हलका. म्हणून फळी आधी कापायची नाही, आधी पुठ्ठा कोपऱ्यात धरायचा, भिंत जिथे फुगली असेल तिथे पुठ्ठा कातरायचा, आणि कोपऱ्याचा आकार पुठ्ठ्यावर तंतोतंत उतरवून घ्यायचा. मग लाकूड त्या पुठ्ठ्याप्रमाणे. ते फार छान शिकवत होते. कारखान्यातल्या माणसांना त्यांनी असं शिकवलं असतं तर लाल गोल कमी काढावे लागले असते, असं मला वाटलं. त्यांनी माझ्या कोपऱ्याचा पुठ्ठा सराव म्हणून कातरला आणि खाली नेला. तयार फळी मी परत पाठवली.

पुठ्ठे वाढत गेले. एक, दोन, सात. सगळे सोफ्याला टेकून उभे. फळी काही होईना. काकू थट्टा करत होत्या तोवर मलाही गंमत वाटत होती. मग एका सकाळी मी विरजण मागायला गेले, तर काकू फ्रीजपुढे हात जोडून उभ्या होत्या आणि काका त्यांच्या बाजूने हात घालून फ्रीजमधून दूध काढत होते. दार उघडलं तसं वरचा बाळकृष्ण हलला, घंटा किणकिणली. काकूंनी डोळे उघडले, बाळकृष्णाला एका बोटाने मागे सरकवलं आणि पूजेचं ताम्हन ओट्यावर ठेवून दिलं. काका दूध घेऊन बाहेर गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "पूजा सोडली गं मी. नुसता नमस्कार करते. दर पाच मिनिटांनी कोणाला तरी लोणी हवं असतं, लिंबू हवं असतं. आणि तो फ्रीज सारखा गुरगुरतो. माझं लक्ष लागत नाही."

मी म्हटलं, काकांना स्पष्ट सांगा ना.

"पंचेचाळीस वर्षं संसार केलाय. त्यांना स्पष्टच सांगितलेलं कळत नाही." त्या हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. सतत थट्टा करणाऱ्या त्या बाईच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा बघितलं आणि मला काकांचा मनापासून राग आला.

त्या रागात मी बाहेर जाऊन त्यांना बोलले. काकूंनी पूजा सोडली आहे, तुम्हाला माहीत आहे का, आणि सात पुठ्ठ्यांनंतर आठवा कशासाठी हवा आहे? त्यांनी दुधाचं पातेलं खाली ठेवलं. रागावतील असं वाटलं होतं. ते खिशातल्या पेन्सिलीशी चाळा करत राहिले.

"मी आयुष्यात कधी काही केलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "लोकांनी केलेलं तपासलं फक्त. चूक कुठे असते ते मला दिसतं. करायला घेतलं की सगळीकडे तीच दिसते."

मी विरजण न घेताच वर गेले. आमचं बोलणं काकूंनी आतून ऐकलं असणार, कारण संध्याकाळी त्यांनी आपला पूजेचा पाट पुसून काकांच्या पुढ्यात आणून ठेवला. बाजारातली फळी नको, ह्याचीच करा, म्हणाल्या. मी ह्यावर आता बसू शकत नाही, नुसता पडून राहतो. राहिलेलं विरजण न्यायला मी तेव्हा तिथेच होते, मी विचारलं, आपण बसलेला पाट देवांना चालेल का? त्या म्हणाल्या, न चालायला काय झालं, इतकी वर्षं शेजारीच तर बसलेय मी त्यांच्या.

आता सुटका नव्हती. पाट एकच होता. करवत चुकली असती तर दुसरा आणायला काकूंच्या माहेरी आता कोणी उरलेलं नव्हतं. काका आठवडाभर त्या पाटाभोवती फिरले. पितळी फुल्या एकेक उचकटून त्यांनी वाटीत जपून ठेवल्या. मग एका शनिवारी, काकू बहिणीकडे सदाशिव पेठेत गेल्या असताना, त्यांनी मला खाली बोलावलं. पाटाचं एक टोक मी धरलं आणि त्यांनी करवत चालवली. कडांना रंधा मारला, पुढची कड गोल घासली, खालच्या बाजूलासुद्धा तीन वेळा पॉलिश पेपर फिरवला. फळी कोपऱ्यात धरली तर दोन्ही भिंतींना अशी बसली की मध्ये कागद जाणार नाही. त्यांनी कागद घालून बघितलाच.

मग आली भिंत. दोन भिंतींना दोन लाकडी पट्ट्या स्क्रूने बसवायच्या आणि त्यांवर फळी टेकवायची. म्हणजे भोकं चार. मी ऑफिसातल्या मित्राचं ड्रिल मशीन आणलेलं होतं. काकांनी ते खुणेवर टेकवलं आणि तसेच उभे राहिले. कपाळावर घाम आला.

"मी धरतो," ते म्हणाले. "बटण तू दाब."

चार वर्षांत ते मला पहिल्यांदा 'तू' म्हणाले. मी बटण दाबलं. विटेची लाल भुकटी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली. चारही भोकं झाली, पट्ट्या बसल्या, फळी बसली. त्यांनी लेव्हल फळीवर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मधोमध येऊन थांबला. फळीसमोर ताठ उभं राहून त्यांनी तो एकदा डोळे किलकिले करून, एकदा चष्म्यातून आणि एकदा चष्मा काढून बघितला. खिशातली पेन्सिल बाहेर आलीच नाही. आम्ही देव मांडले, निरांजन ठेवलं. मी काकांपेक्षा थोडीच बुटकी. मलाही सगळं सुरेख दिसत होतं.

काकू आल्या. त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्या काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या, फ्रीजचा मोकळा माथा बघितला, मग कोपऱ्याकडे वळल्या आणि हात जोडून मान वर केली. अजून वर केली. काका सहा फूट आणि काकू पाच फुटांना चांगल्या तीन बोटं कमी.

"खालून फार गुळगुळीत केलीय हो," त्या म्हणाल्या. "फ्रीजवर होते तेव्हा निदान दिसत तरी होते."

मी काकांकडे बघायचं धाडस केलं नाही. काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं. माप नेहमी डोळ्यासमोर धरून घ्यायचं, वरून किंवा खालून वाचलं तर चूक येते, हा त्यांचा कारखान्यातला पहिला धडा. त्यांनी बुडबुडा स्वतःच्या डोळ्यासमोर येईल अशी फळी लावली होती. कोपऱ्याचं माप झालं, भिंतीचं झालं, ओलीचं झालं. जिच्यासाठी फळी, तिचं माप घ्यायचं राहिलं होतं, आणि पंचेचाळीस वर्षं एका घरात राहून ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मला वाटलं, आता हे खचणार, आणि देव जन्मभर फ्रीजवर राहणार. काका पुढे झाले. एकेक देव उतरवून त्यांनी ताटात ठेवले, फळी काढली, पट्ट्या काढल्या. मग पेन्सिल काढून त्यांनी चारही भोकांभोवती लाल गोल काढले आणि खाली सही केली. नीट, तारखेसह. आणि काकूंना म्हणाले, "जरा इथे ये. भिंतीला पाठ लावून उभी राहा. चपला काढ."

काकूंनी डॉक्टरांनी घरात घालायला सांगितलेल्या चपला काढल्या. काकांनी त्यांच्या डोक्यावर गुण्या टेकवून रेघ ओढली, डोळ्यांशी दुसरी, आणि हात जोडायला लावून हातांशी तिसरी. शाळेच्या पहिल्या दिवशीच्या मुलीसारख्या काकू ताठ उभ्या होत्या, आणि हसू दाबत होत्या. मधेच एकदा त्यांनी टाचा उचलल्या. काका म्हणाले, "फसवू नकोस, मला कळतं."

पुन्हा चार भोकं पाडली. या वेळी बटण त्यांनीच दाबलं. लेव्हल बघायला ते गुडघे वाकवून खाली झुकले, काकूंच्या डोळ्याइतके. फळी बसल्यावर सवयीने त्यांनी जमिनीपासून माप घेतलं, आणि टेपवरचा आकडा दोनदा वाचला. मग फ्रीजचं माप घेतलं. दोन्हींत फरक अर्ध्या इंचाचा. अकरा महिने, सात पुठ्ठे आणि आठ भोकं करून देव होते त्याच उंचीवर आले होते. काकू म्हणाल्या, चालेल. काकांनी टेप खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यात थांबून ऐकलं. पाऊण तास खालून घंटा आणि पुटपुटणं येत होतं, आणि तेवढा वेळ कोणी फ्रीज उघडला नाही. मला ऑफिसला उशीर झाला आणि त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी घराला रंग दिला. रंगारी वरची चार भोकं पुट्टी भरून बुजवायला गेला, तर काकांनी त्याचा हात धरला. सगळं घर पांढरं झालं, पण कोपऱ्यात तेवढा चौकोन जुन्याच रंगाचा राहिला. त्यात चार भोकं, चार लाल गोल आणि सही. पाहुण्यांनी विचारलं तर काकू सांगतात, ह्यांनी जन्मात एकदाच स्वतःचं काम नापास केलंय, त्याचं प्रमाणपत्र आहे ते.

मी आता वाघोलीला स्वतःच्या घरात राहते. घर बघायला दोघं रिक्षाने आले. काकांच्या पिशवीत पेढ्यांचा पुडा आणि पुठ्ठा होता. पेढे काकूंनी दिले, काका थेट कोपऱ्यात गेले. नव्या इमारतीचाही कोपरा एक्क्याण्णवचा निघाल्यावर त्यांना फार बरं वाटलं. तुला फळी मी करून देणार, म्हणाले. काय ठेवशील? मी म्हटलं, पुस्तकं. रोज कोण काढणार? मीच. मग त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि डोळ्यांशी लाल रेघ ओढली.

त्याला आठ महिने झाले. रेघ तशीच आहे. पुस्तकं फ्रीजवर आहेत, आणि दूध काढताना वरचं एखादं अंगावर येतं.

काल त्यांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"एक विचारायचं राहून गेलं," ते म्हणाले. "तू घरात चपला घालतेस का?"

मी म्हटलं, घालते, पाय दुखतात म्हणून.

"त्या दिवशी काढल्या होत्यास. टाचेची जाडी मोजून सांग. अंदाजे नको."

मागून काकूंचा आवाज आला, की तिला म्हणावं फ्रीज विकू नकोस. मी फोन बाजूला ठेवला, चप्पल काढली आणि पट्टी शोधायला लागले.